पोवळ्याचं विरजण

मासे घेताना जी बाई कल्ले उघडून बघत नाही, तिला मी मासे घेणारी मानतच नाही. आधी डोळे, मग कल्ले, मग पोटावर बोट दाबून बघायचं, आणि मग भाव. हे मला कोणी बसवून शिकवलं नाही. दाभोळच्या बाजारात आईच्या कडेवर असतानाच ते अंगात मुरलं. आता मी बहरीनमध्ये उम्म अल हस्समला राहते, इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासते आणि घरी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून पोवळी वाढवते. अंगठीतली लाल पोवळी नव्हेत, जिवंत. खाली दगडाचा देठ आणि वर पाण्याबरोबर डोलणारा मऊ जीव. इथे सगळे त्यांना कोरल म्हणतात, मीही म्हणते. पण घ्यायची पद्धत पापलेटाचीच.

दुकानातलं कोरल मी सहसा घेत नाही. ते बिचारं विमानातून पिशवीत बसून येतं, अर्धमेलं. त्यापेक्षा आपल्यासारख्याच कुणा वेड्यानं घरी वाढवलेलं बरं. बहरीनमध्ये असे वेडे पुष्कळ आहेत. फोनवर आमचा ग्रुप आहे. कुणाच्या टाकीत एखादं कोरल वाढून दाटी झाली की तो फोटो टाकतो, आणि आपण त्याच्या घरी जाऊन, चहा पिऊन, डोळ्यांदेखत तुकडा कापून आणायचा. फोटोत सगळी कोरलं अशी चमकतात की रंभा-उर्वशीनं लाजावं. ती सगळी निळ्या दिव्याची करामत. बाजारात नाही का, शिळ्या माशावर सारखं पाणी शिंपडून त्याला ताजा करतात? म्हणून मी कुणाच्याही घरी गेले की पहिलं वाक्य ठरलेलं, "तो निळा दिवा बंद करा हो, पांढरा लावा." पांढऱ्या उजेडात किती जणांची सोनेरी कोरलं चहाच्या चोथ्यासारखी दिसली आहेत! ग्रुपवर मला इन्स्पेक्टर म्हणतात. म्हणू देत. माझ्या टाकीत आजवर फसवून आलेलं एकही कोरल नाही.

मात्र एका घरात मला दिवा बंद करा म्हणावंच लागलं नाही. ईसा टाउनमध्ये एक वयस्क बहरीनी गृहस्थ आहेत, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळेच हाजी म्हणतात, मीही म्हणते. हिंदी आमच्यापेक्षा झोकात बोलतात. त्यांच्या टाकीवर पांढराच दिवा होता आणि त्या उजेडातही एक कोरल असं काही दिसत होतं की मी बोलायचीच थांबले. टॉर्च म्हणतात त्या जातीचं. पिवळेधमक लांब धागे, टोकाला हिरवा मणी, आणि सगळं मिळून सावकाश डोलतंय. हाजींची बायको ड्रॉपरनं त्याला कोळंबीचा बारीक तुकडा भरवत होती आणि अरबीत त्याच्याशी काहीतरी बोलतही होती.

मी भाव विचारला. हाजींनी उलट मलाच विचारलं, पाणी कधी बदलतेस, मीठ कुठलं वापरतेस, उन्हाळ्यात वीज गेली तर काय करतेस. माझी परीक्षा घेणारा पहिला माणूस! मी सगळी उत्तरं ठणकावून दिली. मग त्यांनी पैसे घेतले, वाजवीच घेतले, पण एक अट घातली. "इसका दो होगा, तो एक किसी को देना. बेचना नहीं. और मेरा मर गया, तो मैं तेरे पास माँगने आएगा. मंज़ूर?"

मी म्हटलं, हाजी, हे तर आमचं विरजण! आणि त्यांना समजावून सांगितलं, की आमच्याकडे दही लावायला शेजारणीकडून चमचाभर दही मागून आणतात. त्याचे पैसे घेत नाहीत आणि देणारी नाही म्हणत नाही, कारण उद्या तिचं नासलं तर ती आपल्याच दारात येणार असते. हाजींनी बायकोला ते अरबीत सांगितलं. ती हसली आणि हातानं वाटी धरल्यासारखं करून दाखवलं. लहानपणी आई तिलाही अशीच वाटी देऊन शेजारी धाडायची म्हणे. झालं, सौदा पक्का.

मी अट पाळली. माझ्या टाकीत त्या एका तोंडाची, म्हणजे देठावरच्या एका जिवाची, दोन तोंडं झाली, तेव्हा एक कापून मी गुदैबियात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला दिलं. ती वसईची, एका हॉटेलात हिशेब बघते, आणि तिलाही हेच वेड. मागे उरलेल्याला यथावकाश पुन्हा जोडीदार फुटला. टाकी अशी सजली की मला माझाच हेवा वाटावा.

त्या उन्हाळ्यात मात्र माझं लक्ष टाकीपेक्षा सासूबाईंकडे जास्त होतं. मामंजी गेले आणि गुहागरजवळच्या त्या घरात आई एकट्या पडल्या. आम्ही त्यांना इथे आणलं, व्हिजिट विसावर. विसा पुढे वाढवता येतो, त्यांच्या लेकानं सगळी चौकशी करून ठेवली होती. प्रश्न एवढाच होता की त्या राहणार का. मला त्या हव्या होत्या. अगदी स्वार्थानं हव्या होत्या. माझी आई लवकर गेली, आणि लग्नानंतर ज्या एका बाईशी मी कडाकडा भांडून दुसऱ्या मिनिटाला एका ताटात जेवू शकते, ती ही. पण इथे आल्यापासून बाई भांडेचना! गप्प बसून राहायच्या. स्वयंपाकाची माझी घाईची पद्धत, धुणं मशिनमध्ये, त्यांच्या नातीला, म्हणजे माझ्या लेकीला, मराठी कळतं पण ती उत्तर देते इंग्रजीत. त्यांच्या हाताला कामच नव्हतं. मी देवळात नेलं, कोकणातल्या बायकांच्या भिशीत नेलं, टीव्हीवर मालिका लावून दिल्या. एक ना दोन. शेवटी त्या म्हणाल्याच, "आयतं खाऊन किती दिस बसू गो? पाहुण्यानं वेळेत उठावं."

"तुम्ही पाहुण्या कधीपासून झालात?" मी चिडून विचारलं.

"पाहुणीच तर. तुज्या घरात मी चमचाबी कुठं ठेवायचा ते विचारून ठेवते."

खरं होतं ते.

अशातच हाजींचा फोन आला. आवाज बसलेला. ते दोघं मुलीकडे राहायला गेले असताना त्यांच्या टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं होतं. इथला उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, नळाला पाणी येतं तेही गच्चीवरच्या टाकीत तापून कढत येतं. बंद घरात टाकीचं काय होणार? परत आले तर घरभर दुर्गंधी. "सब खलास," हाजी म्हणाले. टाकी धुऊन, नवं पाणी भरून त्यांनी आता पुन्हा सुरू केली होती. बायको मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. "तुम्हारा वो... क्या बोला था? विर्जन. वो देगी?"

"हाजी, आजच आणते," मी म्हटलं. सुटीचा दिवस होता. हे काय विचारणं झालं!

मी टॉर्चचं ते जोडकोरल टाकीतून काढून खाऱ्या पाण्याच्या टबात ठेवलं, टब ओट्यावर ठेवला आणि कापायला बसणार तर करवतीचं पातं बोथट. नवरा गाडी धुवायला गेलेला. म्हटलं, खालीच हार्डवेअरचं दुकान आहे, मीच जाऊन येते. गेले आणि आले. तेवढ्यात काय होणार?

दार उघडून बघते तर आई ओट्याशी उभ्या, पदर खोचलेला, चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा तरतरी. टबातलं खारं पाणी मोरीत ओतलेलं. माझं टॉर्च नळाखाली चोळून चोळून धुऊन ताटलीत ठेवलेलं, आणि आई ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत होत्या.

"कालवं आणलीस ती सांगायचं तरी," त्या म्हणाल्या. "बुळबुळीत होती, धुतली सोच्छ. फोडायला काय हाय का गो तुज्याकडं? कोयती नाय?"

खडकाला चिकटलेली, फोडून खायची शिंपली, ती कालवं! गुहागरच्या बाईनं दगडी देठावर बसलेला मऊ मांसाचा गोळा बघून दुसरं काय समजायचं होतं? आता लिहिताना मला हसू येतंय, पण त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, अहो ते जिवंत होतं!" मी ओरडले. "गोड पाण्यात मरतं ते! आणि हे तर कढत पाणी!"

आईंच्या हातातला चमचा खाली पडला. "जिवतं? मंग वरडलं का नाय?" त्या म्हणाल्या.

मी ते उचलून टाकीत टाकलं खरं, पण हात लावताच कळलं. पिवळे धागे गळून पाण्यावर आले आणि मागे पांढरा दगड उरला. नात धावत आली, टाकीत डोकावली आणि म्हणाली, "आजी, इट्स डेड." तेवढं इंग्रजी आईंना कळत होतं.

माझा राग उतू जातो तसा उतरतोही. मी चहा टाकला आणि म्हटलं, जाऊ दे आई, चूक माझी, ओट्यावर ठेवलं मी. पण त्या चहाला आल्याच नाहीत. आतल्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर पलंगावर बॅग, आणि आई लुगड्यांच्या घड्या घालतायत. "लेकाला सांग, तिकीट काढ. मी हितं काय कामाची नाय, वर जिवतं मारून ठेवते."

नवरा वर आला, त्यानं समजावलं, मी समजावलं, नातीनं गळ्यात हात टाकले. बाई हलेना. मला रडू फुटलं. एकदा त्या गुहागरला गेल्या की परत यायच्या नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. नवऱ्यानं नाइलाजानं फोनवर तिकिटं बघायला घेतली.

मी डोळे पुसले आणि हाजींना फोन करायला उठले, म्हटलं, द्यायचं कबूल केलं होतं, तेही गेलं म्हणून कळवते. तेवढ्यात आईंनी विचारलं, "ते कुणाला द्यायचं होतं?" मी सांगितलं. हाजी, त्यांची बायको, तिचा ड्रॉपर, वाटीची खूण, विरजणाची अट, सगळं.

आईंच्या हातातली घडी थांबली. "विरजान म्हंतेस, तर तू कुणाला दिलंवतंस?"

"गुदैबियातल्या मैत्रिणीला."

"मंग रडतेस काय? तिच्याकडं असंल ना?"

खरं सांगते, रडण्याच्या नादात मला हे सुचलंच नव्हतं. मी मैत्रिणीला फोन लावला. तिच्याकडे होतं, चांगली तीन तोंडं झालेली. ती म्हणाली, तू थांब, माझा नवरा आणून देईल. मी हो म्हणणार तोच आईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "त्यानं कशाला? ज्यानं नासवलं त्यानं जायाचं असतं, वाटी घेऊन. आणि चल लौकर. दिवेलागणीनंतर विरजान मागत नाय."

त्यांनी स्वतःचा कडीचा स्टीलचा डबा काढला. गावाहून येताना त्यात आमसुलं आणली होती. तो घासून, मी दिलेल्या खाऱ्या पाण्यानं विसळून मांडीवर घेतला आणि गाडीत बसल्या. मी एसी पूर्ण जोरात लावला आणि ऊन किती उरलंय ते बघत गाडी हाणली.

गुदैबियात पार्किंग मिळणं म्हणजे नशीब. कुठंतरी घुसवली. मैत्रीण किराणा दुकानाच्या वर राहते, लिफ्ट नाही. आई गुडघ्यावर हात ठेवून जिना चढल्या. दार उघडताच डबा पुढे करून म्हणाल्या, "बाय, हिचं मी नासवलं. थोडं विरजान देतेस?"

मैत्रीण माझ्याकडे बघून हसली नाही, हे तिचं मोठेपण. "या आई, घ्या की. तुमच्याच घरचं आहे," ती म्हणाली आणि हातमोजे चढवू लागली. तिच्या टाकीवर निळा दिवा होता. आता सवयीला काय करणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, जरा पांढरा लाव, बघू दे कसं..."

"गप बस!" आई कडाडल्या. "मागाया आल्यावर कल्ले उघडून बघायचे नसतात."

कित्येक महिन्यांनी बाई माझ्यावर ओरडली! मी गप्प बसले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मैत्रिणीनं न मागता सर्वांत मोठं तोंड कापलं. पाण्याच्या पिशवीत घालून पिशवी डब्यात ठेवली. आईंनी डब्यात डोकावून विचारलं, "जिवतं हाय ना?" धागे मिटले होते. मैत्रीण म्हणाली, हात लावला की घाबरतं ते, पाण्यात गेलं की उघडेल. ईसा टाउनपर्यंत आई डब्यावर हात ठेवून बसल्या होत्या. सिग्नलला मी ब्रेक जोरात दाबला तर मला शिवीही दिली, इथे लिहिण्यासारखी नाही.

हाजींच्या घरी टाकी रिकामी होती, नुसते दगड आणि पाणी. मी हिंदीत सगळं सांगितलं, लपवाछपवी न करता. सासूनं कालवं समजून धुतलं, हेही. हाजी इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग त्यांनी पिशवी पाण्यात तरंगत ठेवली, थोड्या वेळानं कोरल काढून दगडावर बसवलं आणि बायकोला हाक मारली. ती दाराशी येऊन थांबली. आत येईना. आईंनी तिला पाहिलं, उठल्या, सरळ जाऊन तिचा हात धरला आणि तिला टाकीपुढे आणून बसवलं. स्वतःही शेजारी टेकल्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला अरबी नाही. दोघी काचेकडे बघत बसल्या.

मी आणि हाजी चहा प्यायलो. मशिदीची बांग झाली. हाजी नमाजाला उठणार इतक्यात आई ओरडल्या, "उघाडलं गो!" एकच पिवळा धागा बाहेर आला होता, टोकाला हिरवा मणी. मग दुसरा. हाजींच्या बायकोनं तोंडावर ओढणी धरली आणि ती रडायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत मराठीतच सांगत होत्या, "रडू नको बाय, आलं ते. लागलं विरजान."

निघताना हाजींची बायको आमचा डबा आत घेऊन गेली, आणि परत आणला तो जड होता. रिकामं भांडं परत देऊ नये, हे त्यांच्याकडेही आहे तर! आईंनी कडी उघडली. डब्यात घरी लावलेलं घट्ट दही. मी मुद्दाम खोडी काढली, "काय आई, दिवे तर लागले. आता विरजण चालतं वाटतं?"

"आपण मागितलंय काय? तिनं दिलंय. दिलेलं घ्यावं," आई म्हणाल्या आणि कडी लावली.

घरी आल्या आल्या त्या स्वयंपाकघरात शिरल्या. मला न विचारता पातेलं काढलं, न विचारता दूध तापवलं, करंगळी बुडवून बघितलं आणि त्या दह्यातलं दोन चमचे घालून हलवलं. हॉलमध्ये एसी आहे म्हणून पातेलं झाकून, टॉवेलात गुंडाळून बाल्कनीत नेऊन ठेवलं. माझे चमचे, माझी झाकणं, सगळ्यांच्या जागा बदलल्या. मी दारात उभी राहून बघत होते आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते.

नवरा फोन घेऊन आला. त्याचा चेहरा उतरलेला. "आई, परवाचं तिकीट मिळतंय. काढू?"

आई टॉवेलाची गाठ घट्ट करत होत्या. मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "परवा? अरे मेल्या, उद्या दही लागंल, ते रोज कोण बघणार? तुझी बायको समुद्र सांभाळते. तिला दुधाकडं बघाया सवड हाय व्हय?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले, पलंगावरची लुगडी उचलून कपाटात ठेवली, आणि रिकामी बॅग स्टुलावर चढून कपाटाच्या वर, अगदी मागे, त्यांचा हात पोचणार नाही अशी ढकलली. अजून ती तिथेच आहे.